रीफ टँकमधले ट्यूबवर्म: आणण्यापासून जगवण्यापर्यंत

ट्यूबवर्म म्हणजे स्वतः बांधलेल्या नळीत राहणारा आणि पिसाऱ्याने पाण्यातलं अन्न गाळून खाणारा समुद्री किडा. तो रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, आल्यावर पहिले काही आठवडे सगळं छान चालतं. नळीतून पिसारा बाहेर येतो, सावली पडली की झपकन आत जातो, घरी आलेल्यांना दाखवायलाही मजा येते. मग कधीतरी लक्षात येतं की पिसारा पूर्वीपेक्षा लहान झालाय. आणखी काही महिन्यांनी नळी रिकामी सापडते आणि दोष पाण्याला, मिठाला नाहीतर दुकानदाराला दिला जातो. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. तो उपाशी मेलेला असतो. अंगातला साठा जाळत ट्यूबवर्म बराच काळ तग धरतो, त्यामुळे त्याची उपासमार दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा खाण्याला दिली आहे. पण तिथे पोहोचण्याआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि त्या विकत घेण्याआधी ठरवायच्या आहेत.

कोणता ट्यूबवर्म?

दुकानात 'ट्यूबवर्म' म्हणून जे मिळतं त्यात दोन वेगळी कुळं आहेत. पहिलं सॅबेलिडी. यांची नळी मऊ आणि चिवट असते. स्वतःच्या चिकट स्रावात बारीक वाळू आणि गाळ मिसळून प्राणी ती बांधतो. फेदर डस्टर या नावाने विकले जाणारे बहुतेक सगळे याच कुळातले. सॅबेलास्टार्टे प्रजातीचे मोठे फेदर डस्टर सर्वत्र दिसतात; त्यांचा पिसारा तळहाताएवढा होऊ शकतो. बिस्पिरा प्रजातीतले काही त्या मानाने लहान असतात आणि झुपक्याने राहतात.

दुसरं कुळ सर्प्युलिडी. यांची नळी कॅल्शियम कार्बोनेटची, टणक. गडद लाल किंवा केशरी पिसाऱ्याचा कोको वर्म, म्हणजे प्रोटुला, यातलाच. ख्रिसमस ट्री वर्म, म्हणजे स्पायरोब्रँकस, हाही यातलाच. या कुळातल्या अनेकांकडे नळीचं तोंड बंद करायला एक झाकण असतं. ते पिसाऱ्याच्याच एका काडीपासून तयार झालेलं असतं. कोको वर्मला मात्र झाकण नसतं, त्यामुळे झाकण दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

ख्रिसमस ट्री वर्मबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण फोटो पाहून सगळ्यांना तोच हवा असतो. पोरायटिस नावाच्या दगडी कोरलवर त्याचं पिल्लू येऊन बसतं, नळी बांधतं, आणि कोरल वाढताना त्या नळीला वेढून टाकतं. तो कोरल पोखरत नाही. बाहेर दिसणारे दोन गोल गोल चढत जाणारे शंकू एकाच प्राण्याचे असतात, आणि उरलेलं सगळं शरीर कोरलच्या आत. कोरलच्या वाढीच्या थरांवरून काढलेले अंदाज सांगतात की समुद्रात यातले काही दहा वर्षांपेक्षा कितीतरी जास्त जगतात. पण टाकीत त्याला जगवायचं म्हणजे पोरायटिसही जगवायचा. कोरलला तीव्र प्रकाश, स्थिर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) आणि चांगला फ्लो, म्हणजे पाण्याचा प्रवाह, लागतो, आणि ट्यूबवर्मला बारीक खाणं लागतं. कोरल मेला की उघड्या पडलेल्या दगडावर शेवाळ आणि स्पंज चढतात, मग ट्यूबवर्मही एकेक करून जातात. शिवाय पोरायटिससारखे दगडी कोरल सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. आपल्याकडे काय नियम आहेत ते विकत घेण्याआधी बघून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला ट्यूबवर्म मऊ नळीचाच घ्या, आणि एकच घ्या. त्याचा पिसारा वर्षभर टिकला, वाढला, तर कोको वर्मचा विचार करा. ख्रिसमस ट्री वर्म त्यानंतर.

टाकी तयार आहे का

नायट्रोजन सायकल (विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजणं) पूर्ण झाली म्हणजे टाकी ट्यूबवर्मसाठी तयार झाली असं नाही. सायकल साधारण चार ते सहा आठवड्यांत होते. ट्यूबवर्मला मात्र जुनी, मुरलेली टाकी हवी. निदान सहा महिने चाललेली. कारण पुन्हा खाण्याचंच. जुन्या टाकीत लाइव्ह रॉकवर, म्हणजे सूक्ष्म जीवांनी भरलेल्या दगडावर, आणि वाळूत असंख्य सूक्ष्म जीव राहतात, त्यांची अंडी, जिवाणू आणि कुजलेल्या कणांचा चुरा सतत पाण्यात तरंगत असतो. नव्या टाकीत हे काहीच नसतं.

पाण्याचे आकडे नेहमीच्या रीफ टँकचेच. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ म्हणजे सुमारे ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असलं तरी चालतं. उलट नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही कायम शून्य दाखवत असतील, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मोठा आणि पाणी काचेसारखं स्वच्छ असेल, तर अशी टाकी काही कोरलना मानवते, ट्यूबवर्मला मात्र ती वाळवंट ठरते.

सॅलिनिटीची, म्हणजे पाण्याच्या खारटपणाची, चढउतार त्यांना सोसत नाही. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी रोज आरओ-डीआय (क्षार काढलेल्या शुद्ध) पाण्याने भरा, आठवड्याचं एकदम नको. ऑटो टॉप-ऑफ (आपोआप पाणी भरणारं यंत्र) असेल तर उत्तम. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा ३५ पीपीटीच्या द्रावणाने तपासा. चुकीचा रिफ्रॅक्टोमीटर रोज वापरण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. या टाकीत, किंवा टाकीतल्या दगडांवर, कधी तांब्याचं औषध वापरलं होतं का? माशांच्या रोगांवर तांबं चालतं, पण पाठीचा कणा नसलेल्या जवळजवळ सगळ्या सागरी जीवांना ते विषारी असतं, आणि दगड-वाळू ते शोषून ठेवून नंतर हळूहळू सोडत राहतात. कुणाकडून जुनी टाकी घेतली असेल तर हे विचारायला लाजू नका.

शेजारी कोण आहेत

पिसारा हे अनेक माशांचं आवडतं खाणं आहे. बटरफ्लाय मासे त्यात पहिले. एप्टेशिया (डंख मारणारा, झपाट्याने पसरणारा उपद्रवी जीव) खातो म्हणून लोक हौसेने कॉपरबँड बटरफ्लाय आणतात, आणि तो आधी ट्यूबवर्म संपवतो. मोठे एंजल, ट्रिगर आणि पफर यांच्याबरोबर ट्यूबवर्मचा विचारच करू नका. बुटके एंजल बेभरवशाचे आहेत. एखादा वर्षभर बघतही नाही आणि मग एके दिवशी टोचा मारायला लागतो. हॅलिकोरेस प्रजातीचे रॅस मासे दिवसभर दगडांत काहीतरी टिपत फिरतात, त्यांच्यापासूनही सावध.

खेकड्यांमध्ये अॅरो क्रॅब लहान ट्यूबवर्म खातो, आणि कोरल बँडेड श्रिंपवरही माझा विश्वास नाही. हर्मिट क्रॅब मुद्दाम हल्ला करत नाहीत, पण मोठा हर्मिट नळीवर चढून बसला की पिसारा तासन्‌तास आत राहतो. आत असलेला पिसारा खात नाही. दिवसाला दहा-बारा वेळा कुणी ना कुणी त्रास देत असेल तर जखम न होताही ट्यूबवर्म खंगतो. क्लाउनफिश, गोबी, फायरफिश, कार्डिनल, क्रोमिस हे शेजारी ठीक. वाळू उपसत राहणाऱ्या गोबीने मात्र वाळूत खोवलेल्या नळीचं तोंड बुजवू नये एवढं बघा.

ब्रिसल वर्मची, म्हणजे दगडांत राहणाऱ्या केसाळ किड्यांची, बदनामी होते ती बरीचशी उगाच. रिकाम्या नळीत ब्रिसल वर्म दिसला की त्यानेच खाल्लं असं वाटतं. साधे ब्रिसल वर्म मेलेलं खातात; ते आले तेव्हा ट्यूबवर्म बहुधा आधीच गेलेला असतो.

दुकानात काय बघायचं

पिसारा उघडलेला असताना बघा. काड्या भरगच्च आहेत का, मधे मोठी खिंडारं आहेत का. मग काचेसमोरून हात फिरवा. ट्यूबवर्मच्या पिसाऱ्यावर प्रकाश ओळखणारे सूक्ष्म डोळे असतात, आणि आकसण्यासाठी शरीरातून खास जाड चेतातंतू जातो, त्यामुळे निरोगी ट्यूबवर्म सावली पडताच क्षणात गायब होतो. दुकानातल्या गर्दीला सरावलेला एखादा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी प्रतिसाद देणार नाही. पहिल्या वेळी मात्र द्यायलाच हवा. सुस्तपणे, अर्धवट आत जाणारा घेऊ नका. पिसारा अजिबात न दिसणारी नळी 'आत आहे हो' या भरवशावर तर मुळीच नको.

नळीही बघा. मऊ नळीचं खालचं टोक फाटलेलं असेल तर मागून कुणीही आत शिरू शकतं. टणक नळी चिरलेली नको. नळी बोटांनी दाबून आत काही आहे का हे तपासायची काहींना सवय असते, दुकानदारांनाही; तसं करू देऊ नका. आणि किती दिवसांपूर्वी आला ते विचारा. आल्याला आठवडा झाला असेल आणि तो उघडत असेल तर प्रवासाचा धक्का त्याने पचवलाय.

कोको वर्म किंवा टणक नळीचा कुठलाही ट्यूबवर्म शक्यतो पाण्याबाहेर काढू देऊ नका. पाण्यातच पिशवीत किंवा डब्यात सरकवायला सांगा. नळीत हवा अडकली तर त्याला मागे सरकताना ती आड येते.

घरी आणल्यावर

पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग पिशवीतलं पाणी ट्यूबवर्मसकट स्वच्छ डब्यात घ्या आणि एअरलाइनच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडा. सेकंदाला दोन-तीन थेंब पुरेत. तासाभरात पाणी तिप्पट-चौपट होतं. डब्यातली आणि टाकीतली सॅलिनिटी मोजून सारखी आली की झालं. ट्यूबवर्म डब्यातल्या पाण्यातच वाटीत घेऊन टाकीत बुडवा, वाटी आत तिरकी करा. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. ट्यूबवर्म लांबून पार्सलने आला असेल, पिशवीत दिवस-दीड दिवस गेला असेल, तर ड्रिप रेंगाळवू नका. बंद पिशवीत अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो म्हणून त्याचं विष मंद असतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी आलेल्या पाण्याची सॅलिनिटी मोजा. फरक थोडा असेल तर अर्ध्या तासात काम संपवा.

कोरलसाठीचे डिप, म्हणजे नवा कोरल बुडवून काढायची द्रावणं, ट्यूबवर्मला चालत नाहीत. ते द्रावण चपटे आणि इतर किडे मारण्यासाठीच बनवलेलं असतं, त्याला आपला-परका कळत नाही. ख्रिसमस ट्री वर्मचा दगड आणला तर डिप टाळून, वेगळ्या टाकीत काही आठवडे नजरेखाली ठेवणं बरं. त्या टाकीत अर्थातच तांबं नको.

पहिल्या दिवशी पिसारा दिसला नाही तर काही बिघडलं नाही. दिवे मंद ठेवा आणि त्याला हात लावू नका. बहुतेक जण एक-दोन दिवसांत उघडतात.

जागा

ट्यूबवर्मच्या अंगात कोरलसारखं शेवाळ नसतं, त्यामुळे त्याला प्रकाशाची गरज नाही. सावलीतला कोपराही चालतो. (ख्रिसमस ट्री वर्मला प्रकाशात ठेवायचं ते त्याच्या कोरलसाठी.) जागा ठरवायची ती प्रवाहावरून.

मध्यम, फिरता फ्लो हवा. पॉवरहेडचा (टाकीत प्रवाह फिरवणाऱ्या पंपाचा) झोत थेट पिसाऱ्यावर आला तर तो मिटतो किंवा सतत एका अंगाला झुकलेला राहतो. फ्लो फारच कमी असेल तर काड्यांवर मळ साचतो आणि अन्नाचे कण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. काड्या हलकेच डोलत असाव्यात आणि पिसारा गोल उघडलेला असावा, एवढं जमलं की जागा बरोबर.

मऊ नळी वाळूत चार-पाच सेंटिमीटर खोवा किंवा दोन दगडांच्या फटीत सैल बसवा, तोंड वर आणि मोकळं. डिंक लावू नका. काही दिवसांत तो स्वतःच नळीचं खालचं टोक चिकटवून घेतो. नळी सारखी पडत असेल तर लहानशा पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात ती उभी करा आणि तो तुकडा वाळूत रोवा. तो तुकडा महिन्या-दोन महिन्यांत गुलाबी शेवाळाने झाकून जातो, दिसत नाही. टणक नळी दगडावर रीफ इपॉक्सी पुटीने बसवता येते. पुटी नळीच्या खालच्या भागाला, तोंडापासून लांब.

टॉर्च, हॅमर यांसारखे कोरल रात्री लांब डंखणारे तंतू सोडतात. त्यांच्यापासून निदान पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर राखा. अॅनिमोनी तर चालता-फिरता, त्यामुळे त्याच्यासोबत एका टाकीत ट्यूबवर्म ठेवताना रोज नजर हवी. आणि एकदा जागा मानवली की हलवू नका. सजावट बदलायची हौस इतर कशावर तरी भागवा.

खाणं

पिसारा हा त्याचा घास घेणारा हात आणि कल्ला दोन्ही आहे. प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असतात आणि त्यांवर हलते सूक्ष्म केस. हे केस पाण्याचा प्रवाह पिसाऱ्यातून ओढतात, कण पकडतात आणि काडीच्या मधल्या पन्हाळीतून खाली तोंडाकडे नेतात. तिथे निवड होते: मोठे कण टाकून दिले जातात, मधले नळी बांधायला लागतात आणि सगळ्यात बारीक तेवढे पोटात जातात. मऊ नळीच्या फेदर डस्टरचं हे कौशल्य अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवलं आहे. नवशिक्यांनी यातून एकच गोष्ट घ्यायची: पिसारा जेवढा मोठा, घास तेवढा मोठा असं नाही. त्याचा घास काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

माशांचं खाणं यात बसत नाही. चुरलेले पेलेट, गोठवलेले मायसिस, आर्टेमियाची (दोन्ही बारीक कोळंबीसारखे जीव) नुकती जन्मलेली पिल्लंसुद्धा (ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर भरतात) त्याच्यासाठी फार मोठी. ते पिसाऱ्यावर पडतात, तो आकसून घेतो, आणि आपल्याला वाटतं त्याने खाल्लं.

बसतो तो फायटोप्लँक्टन, थोडक्यात फायटो, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. नॅनोक्लोरोप्सिस दोन-तीन मायक्रॉनचा, आयसोक्रायसिस साधारण पाचचा, टेट्रासेल्मिस दहाच्या आसपासचा. एकाच जातीवर राहण्यापेक्षा दोन-तीन जातींचं मिश्रण चांगलं, कारण आकारही वेगवेगळा मिळतो आणि त्यातली पोषक मेदाम्लंही. जिवंत फायटो सर्वांत चांगला: न खाल्लेला भाग लगेच कुजत नाही, टाकीतले इतर सूक्ष्म जीवही तो खातात आणि नायट्रेट-फॉस्फेट थोडं शोषतो. फ्रीजमध्ये ठेवा, रोज बाटली हलवा, काही आठवड्यांत संपवा. सडका वास आला किंवा हिरव्याचा पिवळा-तपकिरी रंग झाला की फेकून द्या. जिवंत मिळत नसेल तर घट्ट केलेला द्रव फायटो चालतो, फक्त प्रमाण जपून. पावडरचा अनुभव मिश्र आहे. पाण्यात नीट विरघळून बारीक कण झाले तर उपयोग, गुठळ्या राहिल्या तर फक्त घाण.

किती? बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करा, पण रोज. आठवड्यातून एकदा भरपूर आणि मग सहा दिवस काहीच नाही, हे त्याच्या कामाचं नाही; समुद्रात त्याला चोवीस तास थोडं थोडं मिळत असतं. डोसिंग पंप असेल तर दिवसभरात सात-आठ वेळा थोडं थोडं सोडता येतं, आणि माझ्या मते ट्यूबवर्मसाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत. दोन आठवड्यांनी नायट्रेट-फॉस्फेट मोजा. वाढलं नसेल तर प्रमाण वाढवा, मग पुन्हा दोन आठवडे. नायट्रेट १५ च्या वर सरकायला लागलं तर तिथेच थांबा आणि वॉटर चेंज वाढवा.

खाऊ घालताना स्किमर बंद करा, नाहीतर फायटो बाटलीतून सरळ स्किमरच्या घाणीच्या कपमध्ये. यूव्ही स्टरिलायझर (अतिनील किरणांनी सूक्ष्म जीव मारणारं यंत्र) असेल तर तोही बंद. बारीक फिल्टर सॉक आणि स्पंज कण पकडून ठेवतात, तेवढ्या वेळापुरते काढा. रिटर्न पंप बंद केला तरी चालेल, पॉवरहेड मात्र चालू, म्हणजे कण तरंगत राहतील. एक-दोन तासांनी सगळं पुन्हा सुरू करायला विसरू नका. मोबाइलवर गजर लावा. स्किमर रात्रभर बंद राहिला की सकाळी प्राणवायू घसरलेला असतो.

पिपेटने थेट देण्याची पद्धत अनेकांना आवडते. ती चुकीची नाही, पण पिपेटचं टोक पिसाऱ्याच्या तोंडाशी नेऊन दाबू नका. प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे पंधरा सेंटिमीटरवर हलकेच ढग सोडा आणि तो त्याच्यापर्यंत वाहू द्या. पिसारा उघडाच राहिला तर बरोबर जमलं. दिवे मालवल्यानंतर तासाभराने देऊन पाहा. मासे झोपलेले असतात, त्रास कमी.

तो खातोय का हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मोजणं. महिन्यातून एकदा, पिसारा पूर्ण उघडलेला असताना, एकाच जागेवरून फोटो काढा. काचेवर बाहेरून पट्टी धरली तर आणखी चांगलं. मऊ नळीच्या वरच्या तोंडाशी नवा, फिकट, स्वच्छ पट्टा दिसला, किंवा टणक नळीच्या काठाला पांढरीशुभ्र नवी कड आली, तर तो वाढतोय. तीन महिन्यांच्या फोटोंत पिसारा लहान होत गेलेला दिसला तर पाण्याच्या चाचण्या कितीही चांगल्या असोत, त्याला खाणं कमी पडतंय.

कॅल्शियम

हे फक्त टणक नळीवाल्यांसाठी. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक), मॅग्नेशियम १२५० ते १३५०. एक-दोन कोको वर्म कोरलच्या तुलनेत अगदी थोडं कॅल्शियम वापरतात. दगडी कोरल फारसे नसतील तर नियमित वॉटर चेंज पुरतो. आकडा गाठण्याच्या नादात एका दिवसात अल्कलिनिटी दोन-तीन डीकेएचने वर नेऊ नका.

औषधं

चपटे किडे, लाल किडे, एप्टेशियासोबत आलेले नको ते पाहुणे, या सगळ्यांवर टाकीत औषध ओतण्याचा मोह होतो. ओतण्याआधी बाटली वाचा. फेनबेंडाझोलसारखी जंतनाशकं ट्यूबवर्म मारतात, आणि दगडांत राहून नंतरही त्रास देतात. उपचार करायचाच असेल तर ट्यूबवर्म आधी दुसऱ्या टाकीत हलवा.

काही बिघडलं तर

पिसारा गळून वाळूवर पडला. हे पाहून पहिल्यांदा सगळेच घाबरतात. ताण आला, पाणी बिघडलं, माशाने टोचलं, कधी प्रजननाच्या काळातही मऊ नळीवाले पिसारा टाकून देतात. नळी फेकू नका. गळलेला पिसारा काढून घ्या, अमोनिया-नायट्राइट, सॅलिनिटी आणि तापमान तपासा, माशांवर पाळत ठेवा, आणि थोडा थोडा फायटो चालूच ठेवा. काही आठवड्यांत छोटा नवा पिसारा डोकावतो. तो आधीपेक्षा लहान असणारच, पुढच्या महिन्यांत वाढायला हवा. वारंवार गळत असेल आणि दरवेळी आधीपेक्षा लहान उगवत असेल तर ती उपासमार आहे.

नळी सोडून ट्यूबवर्म बाहेर आला. मऊ नळीचा असेल तर आशा आहे. तो नवी नळी बांधू शकतो, फक्त तोवर त्याचं मऊ अंग माशांसमोर उघडं असतं. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात बारीक वाळू घालून त्याला तिथे ठेवा, डबा टाकीतच, सौम्य फ्लोमध्ये. जुनी नळी फाटलेली नसली तरी तिच्यात परत घालायची धडपड करू नका, जखम होते. टणक नळीचा बाहेर आला असेल तर तो सहसा वाचत नाही.

पिसाऱ्यातून दुधी किंवा धुरकट ढग निघाला. हे बहुधा प्रजनन आहे, मरण नव्हे. लहान टाकीत एवढा सेंद्रिय पदार्थ एकदम आला तर पाणी गढूळ होऊ शकतं, म्हणून स्किमर चालू ठेवा, कार्बन बदला, दुसऱ्या दिवशी थोडा वॉटर चेंज करा. पिल्लं टाकीत वाढतील ही अपेक्षा मात्र नको.

नळीच्या तोंडातून बारीक गोळ्या बाहेर पडतात, ती विष्ठा. नळीला मागचं दार नसल्यामुळे अंगावरच्या एका पन्हाळीतून ती वर आणली जाते. ती दिसत राहिली तर तो खातोय, ही चांगली खूण.

आणि दोन-तीन आठवडे काहीच हालचाल नसेल तर नळी हळूच उचलून वास घ्या. सडका, तीव्र वास आला तर लगेच बाहेर काढा, कारण मोठा फेदर डस्टर लहान टाकीत मेला तर अमोनिया चढतो. वास नसेल तर परत ठेवा आणि आणखी वाट बघा.

न बोलावता आलेले नळीवाले

लाइव्ह रॉकसोबत लहान ट्यूबवर्म फुकट येतात. सम्पच्या (खालच्या फिल्टर टाकीच्या) भिंतींवर, पाइपांत, दगडाच्या खालच्या बाजूला तपकिरी-पांढरे चिमुकले पिसारे झुपक्याने दिसतात. काचेवर पांढरे, गोल वेटोळे घातलेले, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे ठिपके असतात तेही सर्प्युलिडी कुळातलेच, स्पायरॉर्बिड. दोन्ही निरुपद्रवी. ते आपोआप वाढत असतील तर टाकीत तरंगतं अन्न आहे असं समजा. मोठा फेदर डस्टर आणण्याआधी या चिमुकल्यांकडे बघणं हा टाकी तपासण्याचा चांगला मार्ग आहे.

एक सोंगाड्या मात्र ओळखून ठेवा. वर्मेटिड. तो किडाच नाही, गोगलगाय आहे, पण टणक नळीत राहतो, म्हणून फसायला होतं. त्याच्या नळीतून पिसारा कधी येत नाही. तो कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात सोडतो आणि काही वेळाने अडकलेल्या अन्नासकट ते ओढून घेतो. हे धागे शेजारच्या कोरलला आणि ट्यूबवर्मच्या पिसाऱ्यालाही त्रास देतात. फायटो द्यायला लागल्यावर तेही वाढतात, कारण जेवण दोघांचं एकच. संशय आला तर खाणं टाकून पाच-दहा मिनिटं टॉर्चच्या उजेडात थांबा: पिसारा निघाला तर राहू द्या, धागे निघाले तर नळी पक्कडीने मोडून तिचं तोंड सुपरग्लू जेलने बुजवा. दगड बाहेर काढता येत असेल तर काम सोपं. नसेल तर आठवड्याला पाच-दहा नळ्या, पुन्हा पुन्हा, नवी दिसेनाशी होईपर्यंत.